आत राहिलेली पट्टी

मोठ्या बाईंच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते आणि त्यांच्या जागेवर यायला कुणी तयार नव्हतं. जागा म्हणजे दवाखान्याच्या तळमजल्यावरची ड्रेसिंगची खोली. एक उंच खाट, स्टीलची ट्रॉली, बेसिन, भिंतीला लावलेली तीन कपाटं आणि कितीही फरशी पुसली तरी न हटणारा औषधाचा वास. बऱ्या व्हायचं नाव न घेणाऱ्या जखमा इथे यायच्या. साखरेच्या आजाराने काळी पडलेली पायाची बोटं, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरचे व्रण, टाके उसवून उघडी राहिलेली पोटं. वॉर्डातल्या नर्सेस त्या दारावरून जाताना नकळत झपाझप पावलं उचलत.

बारकीने तिथे जायचा अर्ज केला तेव्हा वॉर्डात हशा पिकला.

बारकी हे घरचं नाव, पण अकरा वर्षांत ते दवाखान्यातही चिकटलं होतं. अंगाने काडी, उंचीने सगळ्यांत ठेंगणी, कामाला चोख आणि एकदा डोक्यात घेतलं की मागे न हटणारी.

"खाटेपर्यंत हात तरी पोचेल का तुझा?" एकीने विचारलं.

"स्टूल आहे तिथे. बघून आलेय मी."

घरी ताईला सांगितलं तेव्हा ती कपडे घड्या करत होती. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहायच्या. ताई एका शाळेत ग्रंथपाल होती; शांत बोलायची, पण बोलणं टोचायचं.

"लोक असल्या कामातून सुटायला बघतात. तू शिरायला बघतेस."

"कुणीतरी शिरायला हवंच ना."

ताईने हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. काय बोलायचं नाही हे दोघींना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी याच बाहेरच्या खोलीत आई सात महिने पडून होती. बारकीच्या दुहेरी ड्यूट्या चालल्या होत्या. आईचं सगळं ताई करायची. बारकी दारातूनच विचारायची, "पाठ बघितलीस ना?" आणि ताई म्हणायची, "बघितली." एका रविवारी बारकीने स्वतः आईला कुशीवर वळवलं, तर कमरेखाली हाड दिसत होतं. त्यानंतर आई अकरा दिवस होती. वॉर्डात रोज वीस-वीस पाठी वळवून बघणाऱ्या बारकीने घरची एक पाठ बघितली नव्हती. ते दोघींपैकी कुणीही कधी तोंडातून काढलं नाही.

मोठ्या बाईंनी तिला महिनाभर हाताखाली घ्यायचं कबूल केलं. एकतीस वर्षं त्यांनी जखमांत घालवली होती. दंड जाड, आवाज हळू, बोटं मात्र एखाद्या पोरीची वाटावीत इतकी हलकी.

"जखम आधी बघायची," त्या म्हणाल्या, "मग हुंगायची. तोंड वाकडं करायचं नाही, पेशंट जखमेकडे बघत नसतो, तो आपल्या तोंडाकडे बघत असतो. मग मोजायची. आणि एक लक्षात ठेव, जे आत घातलं ते मोजून बाहेर काढायचं. आत दोरा राहिला तरी वरून कातडी धरेल, पण जखम भरणार नाही."

पंधरा दिवसांत बारकीचा हात बसला. एका म्हाताऱ्या बाईंची टाच पहिल्यांदा लालसर दाण्यांनी भरून आलेली दिसली, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने मोठ्या बाईंना हाका मारून बोलावलं. मेलेल्या मांसाखालून जिवंत मांस वर येतं, ते आपल्या डोळ्यांदेखत येतं, हे तिला वॉर्डात कधी दिसलं नव्हतं. हेच करायचं, तिने मनाशी ठरवलं.

तिसऱ्या सोमवारी बाईंनी तिला एक पत्ता दिला.

"एक घर आहे. सोमवारी आणि गुरुवारी जायचं. चार वेळा जाऊन ये, मग मला सांग, हे काम करायचं की नाही."

"परीक्षा आहे का?"

"नाही. तिथले तीन जिने आता माझ्याच्याने होत नाहीत." बाईंनी पाठ वळवून कपाट लावलं. "तुझ्याआधी दोघी जाऊन आल्या. दोघींनी वॉर्डातच राहायचं ठरवलं."

मोठ्या बाई स्वतः चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि लिफ्टला हात लावायच्या नाहीत. हे बारकीला जिना चढताना आठवलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक लांबट खोली, पश्चिमेला खिडकी, खिडकीखाली लोखंडी खाट, आणि भिंतीवर गुंडाळून ठेवलेल्या नकाशांच्या नळकांड्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. खाटेवर बसलेला माणूस सत्तरीचा होता, दाढी केलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला. जन्मभर त्याने सरकारी मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. शेजारीपाजारी अजून त्याला मोजणीदार म्हणत.

"नवीन का?" त्याने विचारलं.

"हो काका. बघू पाय."

डाव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला जखम होती. बारकीने इतकी स्वच्छ जखम पाहिली नव्हती. कडा गुलाबी, भोवती सूज नाही, पू नाही, वास नाही. आतली गॉजची पट्टी तिने चिमट्याने काढली. ती कोरडी निघाली, जशी पाकिटातून काढावी तशी. लांबी तीन सेंटिमीटर, रुंदी दोन. टोकाला कापूस लावलेली काडी आत घातली, दोन सेंटिमीटरवर टेकली.

"किती वर्षं झाली?"

"नऊ. एका पडीक जागेची हद्द मोजत होतो. पाय जमिनीतून आत गेला, मांडीपर्यंत. खाली पोकळ होतं."

"विहीर बुजवलेली असेल."

"नकाशावर विहीर नव्हती," मोजणीदार म्हणाला. "कसलीच खूण नव्हती."

"दुखतं?"

"नाही. कधीच दुखलं नाही."

तिने वीस सेंटिमीटर नवी पट्टी आत भरली, एक टोक बोटभर बाहेर ठेवलं, वरून ड्रेसिंग केलं. जिना उतरताना तिला हसू आलं. एवढ्याशा जखमेला घाबरून दोघी पळाल्या होत्या.

गुरुवारी ड्रेसिंग उघडलं तर बाहेर ठेवलेलं टोक दिसेना. असं होतं कधीकधी. माणूस चालतो, स्नायू हलतो, पट्टी आत सरकते. तिने चिमटा घातला. टोक लागलं, तिने ओढलं, आणि पट्टी बाहेर आली ती चौपदरी घडी होऊन. चारही कडा एकावर एक नीट बसलेल्या. मध्ये एक चुणी नव्हती.

बारकी ती चिमट्यात धरून पाहत राहिली. मोजणीदार तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला बाईंचं बोलणं आठवलं आणि तिने चेहरा हलू दिला नाही.

"तुम्ही उघडून बघितलं होतं का काका?"

"मी हात लावत नाही."

"मग हे असं..."

"असंच येतं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

काडी चार सेंटिमीटर आत गेली.

पुढच्या सोमवारी पट्टी पुन्हा घडी होऊन आली, या वेळी आणखी बारीक, टपाल तिकिटाएवढी. काडी आत घातली. ती चार सेंटिमीटरला थांबली नाही. सहाला नाही. दहाला नाही. तिने श्वास रोखून आणखी रेटली, आणि चौदा सेंटिमीटरला काडीच संपली, कारण ती पंधराचीच होती. टोक कशालाही टेकलं नव्हतं.

तिने टेप घेऊन पोटरीचा घेर मोजला. तीस सेंटिमीटर. म्हणजे पायाची जाडी दहासुद्धा नव्हती. दुसऱ्या बाजूची कातडी तिने तळहाताने चाचपून पाहिली. ती उबदार होती, सरळ होती, तिच्यामागे काही नव्हतं. काडी मात्र सरळ आडवी आत गेलेली होती आणि जखमेच्या तोंडाशी तिच्या बोटांना गार हवा लागत होती. पंख्याची नव्हे. पंखा बंद होता.

"किती?" मोजणीदाराने विचारलं.

तिला खोटं सांगता आलं असतं. "चौदा," ती म्हणाली. "पुढे मोजता आली नाही."

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काहीसं समाधान आल्यासारखं वाटलं. "खरा आकडा सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकीच्या सगळ्या दोनच सांगायच्या."

तिने सर्जनला सांगून दुसऱ्याच दिवशी पायाची तपासणी करवून घेतली. स्कॅनच्या फोटोत साधी जखम होती, दोन सेंटिमीटर खोल. त्याखाली निरोगी स्नायू, निरोगी हाड. "तुझी फूटपट्टी बदल," सर्जन हसून म्हणाला. "इंचाच्या बाजूने मोजत असशील." बारकी हसली नाही. इंचाच्या बाजूने मोजलं तर आकडा लहान येतो, मोठा नाही, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

त्या गुरुवारी तिने पट्टी भरायला घेतली. चिमट्याने थोडी थोडी आत सारत होती. बोटभर गेली असेल, आणि पट्टी आपोआप जाऊ लागली.

झटका नव्हता. आपण लोकर सोडावी आणि समोरच्याने बसून तिचा गुंडा करावा, तसं कुणीतरी एका लयीत पलीकडून घेत होतं. घेत होतं, थांबत होतं, घेत होतं.

"सोडा, सिस्टर," मोजणीदार हळूच म्हणाला. "बाकीच्यांनी सोडली होती."

बारकीने चिमटा दाबून धरला. पट्टी ताठ झाली. तिने दुसऱ्या हाताने कात्री घेतली, पट्टी कापली, उरलेलं टोक पायाच्या बाहेर चिकटपट्टीने पक्कं केलं आणि ड्रेसिंग बांधलं. मग साहित्य आवरलं, नमस्कार केला, जिना उतरली. तळमजल्यावर आल्यावर ती शेवटच्या पायरीवर बसली. दहा मिनिटं बसली. मग उठून सरळ दवाखान्यात गेली.

मोठ्या बाई ट्रॉली पुसत होत्या.

"चार वेळा झालं," बारकी म्हणाली. "आत काय आहे?"

"मला माहीत नाही."

"काहीतरी माहीत आहे. नाहीतर तुम्ही जिन्यांचं कारण सांगितलं नसतंत."

बाईंनी फडकं खाली ठेवलं.

"त्याचा पाय माझ्याकडे आला त्या पहिल्याच महिन्यात," त्या म्हणाल्या, "मी एक पट्टी घातली, वीस सेंटिमीटरची. पुढच्या वेळी ती निघाली नाही. सगळीकडे शोधली. काडी दोनवर टेकत होती, जाणार कुठे? मी कागदावर लिहिलं, काढली. त्यानंतर घातलेल्या सगळ्या परत आल्या. पुष्कळदा घडी होऊन. ती पहिली मात्र आली नाही."

"आत काही राहिलं तर जखम भरत नाही."

"मीच शिकवलं ना तुला ते." बाईंनी फडकं पुन्हा उचललं. "नऊ वर्षं तो माणूस खाटेवर बसून आहे, बारके. मी लिहिलेल्या एका शब्दापायी."

बारकीने कपाट उघडलं आणि सोमवारची ट्रे भरायला घेतली.

"काय करतेस?"

"ती पट्टी आणायला जाणार आहे."

शनिवार-रविवार ती घरात फारशी बोलली नाही. रविवारी संध्याकाळी ताईने चहाचा कप तिच्यासमोर ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"आईची जखम मला आधी दिसली होती," ताई म्हणाली. "रुपयाएवढी होती तेव्हा. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही. मग मोठी झाली, आणि मग सांगायचं तोंडच राहिलं नाही."

बारकीने कप उचलला, परत ठेवला. "मीही बघितलं नाही," ती म्हणाली. "दारातून विचारायचे. आत यायला मला दोन मिनिटं लागली असती."

ताई तिच्याशेजारी बसली. चहा निवून गेला तरी दोघी तशाच बसून होत्या.

सोमवारी साडेतीनला मोजणीदाराचं दार लोटलेलं होतं. बारकीने हात धुतले, हातमोजे चढवले, स्टूल जवळ ओढलं.

"काका, आज वेळ लागेल. तुम्ही टेकून बसा. आणि मला सोडा म्हणून सांगू नका."

चिकटपट्टी होती. तिच्याखाली पट्टीचं टोक नव्हतं. तिने चिमटा घालून गुरुवारची पट्टी घडीसकट बाहेर काढली, ट्रेमध्ये ठेवली. मग नवी लांब पट्टी घेतली, एक टोक उजव्या मुठीला गुंडाळलं आणि दुसरं जखमेत सारलं.

बोटभर गेली. वीतभर गेली. मग पलीकडून घेणं सुरू झालं.

तिने मूठ आवळली.

पट्टी ताठ झाली. पलीकडचा हात थांबला. मग त्याने पुन्हा ओढून पाहिलं, थोडं अधिक जोराने. स्टुलाचे पाय फरशीवर करकरले. तिने तळपाय खाटेच्या पायाला टेकवले आणि अंग मागे टाकलं.

मोजणीदाराने डोळे मिटले होते.

"हे बघा," बारकी म्हणाली. हट्टी पेशंटशी बोलायचा तिचा वॉर्डातला आवाज होता तो, न चढलेला, न ढळलेला. "इथे नऊ वर्षांपूर्वीची एक पट्टी राहिली आहे. ती आमची आहे. ती मिळाल्याशिवाय मी हे टोक सोडणार नाही. संध्याकाळ झाली तरी चालेल."

खोलीत काही हललं नाही. जखमेतून गार हवा येत होती, एकसारखी.

ओढ तशीच राहिली.

तिचा दंड भरून आला. तिने दुसरा हातही लावला.

मग ओढ संपली.

पट्टी एकदम सैल पडली आणि ती स्टुलावरून जवळजवळ मागे गेली. सावरून तिने पाहिलं. जखमेच्या तोंडाशी, तिच्या पांढऱ्या पट्टीच्या बाजूला, आणखी एक टोक बाहेर आलं होतं. पिवळट. जुन्या वर्तमानपत्रासारखं.

ते हळूहळू पुढे सरकत होतं. कुणीतरी देत होतं.

बारकीने चिमट्याने ते धरलं. ओढलं नाही, जितकं येईल तितकं घेत गेली. शेवटचं टोक बाहेर पडल्यावर तिने पट्टी ट्रेमध्ये सरळ केली आणि फूटपट्टी लावली. वीस सेंटिमीटर. मग तिने स्वतःची नवी पट्टीही काढून घेतली. ती सहज निघाली.

"धन्यवाद," ती म्हणाली. कुणाला, ते तिने मनाशीसुद्धा ठरवलं नाही.

काडी दोन सेंटिमीटरवर टेकली. मऊ, उबदार, जिवंत मांसाला टेकली. गार हवा थांबली होती. आत काही न भरता तिने वरून साधं ड्रेसिंग केलं. मोजणीदाराच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "दुखतंय," तो म्हणाला. "नऊ वर्षांत पहिल्यांदा दुखतंय." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुखणं चांगलं असतं, तिने त्याला सांगितलं, आणि ते खरं होतं.

त्याच संध्याकाळी जुनी पट्टी तिने कागदात गुंडाळून मोठ्या बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती उलगडली, बोटांनी शेवटपर्यंत चाचपली आणि त्या खाटेच्या कडेला बसून राहिल्या.

"मी हे काम करणार आहे," बारकी म्हणाली. "उद्या तसं लिहून देते."

"हे पाहिल्यावरही?"

"हे पाहिलं म्हणूनच. मी नाही म्हटलं तर दुसरी कुणी जाईल, आणि दोन म्हणून लिहील."

बाईंनी कपाटाच्या किल्ल्या काढून तिच्यापुढे धरल्या.

गुरुवारी मोजणीदार दारापर्यंत चालत आला. काठी होती, पण पाय टेकत होता. बारकीने त्याला खाटेवर बसवलं, ड्रेसिंग सोडवलं आणि सोडवता सोडवता थांबली.

जखम मिटली होती. तीन दिवसांत. कडा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांच्यावरून पांढऱ्या सुताचे टाके गेले होते, गॉजमधून उसवून काढावं तसलं सूत. तिने मोजले. सात. सगळे सारख्या अंतरावर, सारख्या लांबीचे. एवढी सफाई तिने त्या सर्जनच्या हातातही पाहिली नव्हती.

"सर्जन येऊन गेले का?"

"कुणी आलं नाही."

"तुम्ही ड्रेसिंग सोडलं होतं?"

"तुम्ही बांधलंत तसंच होतं ते," मोजणीदार म्हणाला.

तिची स्वतःची चिकटपट्टी, तिची सही आणि तारीख असलेली, तिने आताच कापली होती. टाके काढायचे तर आठवडाभराने काढायचे, हे ठरलेलं. पण हे कसले आहेत ते आजच बघून ठेवायला हवं होतं. टाका काढताना गाठ चिमट्याने उचलतात आणि तिच्याखाली दोरा कापतात. शिवणारा ज्या बाजूला असतो, गाठ त्या बाजूला येते.

तिने दिवा जवळ ओढला. पहिल्या टाक्यावर गाठ दिसेना. दुसऱ्यावरही नाही. सातही टाक्यांचे दोरे कडेवरून येऊन सरळ कातडीत उतरत होते.

बारकीने हातमोजा काढला आणि उघडं बोट त्या रेषेवरून हलकेच फिरवलं.

गाठी होत्या. सातही, मोहरीच्या दाण्याएवढ्या, घट्ट मारलेल्या. कातडीच्या आतल्या बाजूला.